स्नोबोर्डची धार: कुठे ठेवायची, कुठे मोडायची

फेब्रुवारी २०२६ मधलं मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिक ज्यांनी पाहिलं, त्यांना स्नोबोर्डिंग हा एकच खेळ आहे हे पटायला जड गेलं असेल. लिव्हिन्यो या एकाच ठिकाणी पॅरलल जायंट स्लॅलमचे खेळाडू टणक बर्फावर बारीक रेघा ओढत खाली येत होते, आणि स्लोपस्टाइलवाले लोखंडी रेलवरून, म्हणजे बर्फावर उभारलेल्या कठड्यासारख्या दांड्यावरून, आडवे घसरून पुढच्या उडीकडे झेपावत होते. दोघांच्या पायाखाली म्हणायला स्नोबोर्डच. पण शर्यतवाल्याच्या बोर्डाची कड नखावरून ओढली तर नखाचा भुसा पडतो, आणि रेलवर खेळणारे कितीतरी जण नव्या कोऱ्या बोर्डाची धार स्वतःच्या हाताने घासून बोथट करतात.

पोलादाची चांगली धार मुद्दाम का घालवायची, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. नव्याने शिकणाऱ्यांचा तर आणखी गोंधळ होतो. एक जण सांगतो धार लाव, दुसरा सांगतो धार मोड. दोघंही बरोबर असू शकतात, कारण बोर्डाला सगळीकडे एकसारखी धार असावी असा काही नियम नाही. धार किती, यापेक्षा ती कुठे आहे आणि कुठल्या कोनात आहे, हे जास्त महत्त्वाचं.

कड करते काय?

बोर्डाच्या पोटात लाकडाचा गाभा असतो, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर आणि सगळ्यात खाली पॉलिथिलीनचा गुळगुळीत तळ. या तळाच्या काठाने साधारण २ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी बसवलेली असते. हीच कड. बोर्डावर आडवं उभं राहायचं असतं, म्हणून चवड्यांच्या बाजूला एक, टाचांच्या बाजूला एक.

ही पट्टी पहिल्यापासून नव्हती. शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये बनवलेल्या 'स्नर्फर'ला, म्हणजे स्नोबोर्डच्या पूर्वजाला, पोलादी कड नव्हती; पुढच्या टोकाला बांधलेली दोरी धरून मऊ बर्फात घसरायचं, एवढाच त्याचा आवाका. स्कीला मात्र ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२० च्या दशकातच पोलादी कड दिली होती. स्नोबोर्डांनी ती पुढे १९८० च्या दशकात उचलली, आणि तेव्हाच त्यांना स्की रिसॉर्टच्या दाबून टणक केलेल्या उतारांवर नीट वळता येऊ लागलं.

कडेचं काम समजायला एक ढोबळ हिशोब पुरतो. ७० किलो वजनाचा माणूस बोर्डावर सपाट उभा आहे आणि बोर्डाचा साधारण ११५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद भाग बर्फाला टेकला आहे असं धरा. दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो जेमतेम २४ ग्रॅम. आता तोच बोर्ड कडेवर कलला आणि फक्त १ मिलिमीटर रुंदीची रेघ टेकली, तर भार होतो सुमारे ६ किलो. अडीचशे पट. वेगात वळताना शरीर बाहेर फेकलं जातं, त्याचा जोर आणखी वेगळा. एवढ्या दाबाने कड टणक बर्फात रुतते, आणि बोर्ड बाजूला न घसरता वळणाच्या रेषेत पळतो.

धार झिजून कडेचा कोपरा गोल झाला की टेकणारी रेघ रुंद होते. रुंदी दुप्पट झाली तर दाब निम्मा. टणक बर्फावर मग कड रुतत नाही, बोर्ड खरडत खाली जातो. मऊ, ताज्या बर्फात मात्र बोर्ड तसाही आत बुडतो आणि त्याचा अख्खा तळ भार पेलतो, त्यामुळे तिथे कड बोथट असली तरी फारसं अडत नाही.

तीक्ष्णपणा वेगळा, कोन वेगळा

इथे दोन तांत्रिक शब्द लागतील. कडेला दोन बाजू असतात: एक तळाच्या पातळीतली, दुसरी उभी, बाहेरची. तळाकडच्या बाजूला दिलेला किंचित तिरकेपणा म्हणजे बेस बेव्हल, आणि उभ्या बाजूला दिलेला तिरकेपणा म्हणजे साइड बेव्हल. दोन्ही अंशांत मोजतात.

बेस बेव्हलमुळे कड बर्फापासून अगदी जरा वर उचललेली राहते. ती चावायला लागण्याआधी बोर्ड किती कलवावा लागेल, हे त्यावर ठरतं. साइड बेव्हलमुळे कडेचा कोपरा निमुळता होतो, म्हणजे ती चावली की किती घट्ट धरेल, हे ठरतं. कोपऱ्याचा कोन काढायचा तर ९० मध्ये बेस बेव्हल मिळवा आणि साइड बेव्हल वजा करा. बेस १ अंश, साइड १ अंश असेल तर कोपरा काटकोनच. बेस १, साइड २ असेल तर ८९ अंश. बेस ३, साइड १ असेल तर ९२, म्हणजे जरा पसरट.

एका अंशाने असा काय फरक पडणार, असं वाटेल. २ मिलिमीटरच्या पट्टीवर १ अंशाचा उतार म्हणजे बाहेरचा काठ ०.०३५ मिलिमीटर वर उचलला गेला; माणसाचा केसही बहुधा याहून जाड असतो. तरीही पायाखाली हा फरक जाणवतो. बेस बेव्हल शून्य असलेला बोर्ड सपाट चालवताना सारखा काहीतरी धरू पाहतो, आणि ३ अंशांचा बोर्ड वळवताना सुरुवातीला ऐकतच नाही असं वाटतं.

धार आणि कोन यांची गल्लत होते ती इथेच. कमी बेव्हलची कड बोथट असू शकते आणि जास्त बेव्हलची कड वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण असू शकते. 'माझा बोर्ड फार चावतो' म्हणून धार घासून टाकणाऱ्याला बरेचदा थोडा बेस बेव्हल हवा असतो, आणि 'माझा बोर्ड धरत नाही' म्हणून बेव्हलमागे लागलेल्याला नुसती धार.

बोर्ड अचानक आपटतो तो का?

स्नोबोर्ड शिकणाऱ्या प्रत्येकाला एक पडणं ठाऊक असतं. वेग जास्त नाही, उतारही सौम्य, आणि एका क्षणात माणूस तोंडावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर आदळतो. सावरायला वेळच मिळत नाही. याला 'एज कॅच होणं' म्हणतात.

घरी बसून याचं प्रात्यक्षिक करता येतं. टेबलावर कापड अंथरा आणि त्यावर एक पट्टी आडवी, सपाट ठेवून पुढे ढकला. ती सहज सरकते. आता पट्टीचा पुढचा काठ किंचित खाली झुकवून ढकला. कापड गोळा होऊन पट्टी जागीच अडते, आणि हाताचा जोर मात्र पुढे जातो. बोर्डाचं तसंच आहे. टाचेकडच्या कडेवर आडवं घसरत खाली येताना चवड्याकडची कड उताराच्या दिशेला असते. ती हवेत आहे तोवर सगळं ठीक. लक्ष उडालं, बोर्ड सपाट झाला आणि ही उताराकडची कड बर्फात घुसली की बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही.

हे टाळण्याचा मुख्य उपाय म्हणजे बोर्ड कुठल्या कडेवर आहे याचं भान, आणि ते सरावानेच येतं. पण अवजाराची मदत घेता येते. १ अंशाच्या आसपास बेस बेव्हल ठेवला तर बोर्ड सपाट असताना कड खाली टेकत नाही. दुसरी मदत म्हणजे ठरावीक जागी धार मोडणं. यालाच डीट्यूनिंग म्हणतात.

नोज आणि टेल: सगळ्यांसाठी

बोर्डाचं पुढचं टोक म्हणजे नोज, मागचं टेल. दोन्ही वर वळलेले असतात. सपाट भाग संपून वळण जिथे सुरू होतं, त्या जागांना कॉन्टॅक्ट पॉइंट म्हणतात. चार असतात, दोन पुढे, दोन मागे. वळताना कडेचा जो भाग बर्फ धरतो तो याच खुणांच्या दरम्यानचा. त्यापलीकडची कड टणक उतारावर काही कामाची नाही. उलट खडबडीत जागी तीच अवेळी अडकते.

खुणा शोधणं सोपं आहे. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, मधोमध हाताने दाबा आणि नोजखालून एक कागद आत सरकवा. तो जिथे अडतो तिथे कडेवर मार्करने रेघ मारा. टेलकडेही तसंच. या रेघांच्या बाहेरची, टोकाकडची धार मोडायला कुणाचीच हरकत नसावी. बोर्ड कुठल्याही प्रकारचा असो, चालवणारा कुठल्याही पातळीचा असो, एवढं केल्याने हातचं काही जात नाही.

खरा मतभेद रेघेच्या आत सुरू होतो.

कोण कुठे धार मोडतं?

टणक उतारावर कार्व्हिंग करणारे, म्हणजे न खरडता कडेवर स्वच्छ कमानी काढणारे, रेघेच्या आत बोटभरही धार सोडत नाहीत. वळणाची सुरुवात पुढच्या कॉन्टॅक्ट पॉइंटपासून होते. तिथेच धार गेली तर बोर्ड वळणात उशिरा शिरतो. १ अंश बेस, २ अंश साइड हे त्यांच्यासाठी चांगलं माप. शर्यतवाले याहून पुढे जातात: बेस बेव्हल १ अंशाहूनही कमी, साइड ३ अंश किंवा अधिक. असा बोर्ड थोड्याशा चुकीलाही माफ करत नाही. शर्यतीचा मार्ग टणक, बरेचदा कृत्रिम बर्फाचा असतो. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये तर जवळजवळ सगळाच बर्फ यंत्राचा होता. यंत्रातून गोठलेल्या थेंबांचे बारीक गोलसर कण पडतात आणि ते नैसर्गिक पाकळ्यांपेक्षा घट्ट बसतात. त्यावर बोथट कड म्हणजे काचेवर फिरणारं बोट.

हाफपाइपबद्दल, म्हणजे बर्फात कोरलेल्या अर्ध्या नळीसारख्या मार्गाबद्दल, गैरसमज फार. हवेत गिरक्या, म्हणजे हाही पार्कवाल्यांचाच, रेल आणि उड्यांवर खेळणाऱ्यांचाच प्रकार, म्हणून इथेही धार मोडलेली चालेल असं पुष्कळांना वाटतं. पण मोठ्या स्पर्धांच्या पाइपची भिंत २२ फूट, म्हणजे ६.७ मीटर उंच असते, वरचा भाग जवळजवळ उभा आणि दाबून कडक केलेला. खेळाडू त्या भिंतीवर एका कडेवर चढतो, उडतो आणि उतरून पुन्हा कड धरतो. कड सुटली तर उंची जाते, आणि उतरताना सुटली तर माणूस भिंतीवरून थेट तळाशी. पाइपला धार लागतेच.

रेलवर सगळं उलटं. रेल लोखंडाची, तिच्यात कड रुतवता येत नाही आणि रुतवायची नसतेच. तिच्यावर बोर्ड सपाट ठेवून नुसतं सरकायचं असतं. बोर्ड आडवा करून घसरताना रेल दोन पायांच्या मधल्या भागाखालून जाते. रेलवर आधीच्या शेकडो बोर्डांनी पाडलेले ओरखडे, उचकटलेले कोपरे, जोडाच्या फटी असतात. तीक्ष्ण कड त्यातल्या एखाद्यात अडकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस रेलवर आडवा पडतो. म्हणून रेलवाले दोन पायांमधली धार मोडतात. नोज किंवा टेलवर भार टाकून घसरण्याची ज्यांना सवय आहे ते कॉन्टॅक्ट पॉइंटच्या आतपर्यंत बोटं-दोन बोटं धार गोलावतात.

शिवाय उडीवरून उतरताना गिरकी थोडी अपुरी राहिली तर बोर्ड तिरका टेकतो. टोकाची धार तीक्ष्ण असेल तर तिथेच हिसका बसतो. गोलावलेली असेल तर बोर्ड जरा सरकून सरळ होतो. या मंडळींना २ अंशांपर्यंत, कधी त्याहून जास्त बेस बेव्हल आवडतो.

खोल ताज्या बर्फात फिरणाऱ्यांना यातलं काही फारसं लागत नाही. फक्त परत येताना लागणारा उतार बहुधा टणक असतो, तेवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

हातात काय लागतं?

धार मोडायला गमी स्टोन पुरतो. हा घासणारे कण मिसळलेला रबराचा ठोकळा असतो. कडेच्या कोपऱ्यावर तो ४५ अंशांत धरून चार-सहा हात फिरवले की धारेचा चावरेपणा जातो. आधी एवढंच करावं, एक दिवस चालवून बघावं आणि मगच आणखी घासावं. कानस घेऊन पहिल्याच दिवशी कोपरा उडवण्याची घाई कशाला?

धार लावायला बारीक दातांची कानस आणि ती ठरलेल्या कोनात धरणारा मार्गदर्शक, म्हणजे फाइल गाइड, असं दोन्ही हवं. नुसत्या हाताने कोन राखता येत नाही, सराईतालाही नाही. काम सुरू करण्याआधी कडेवर मार्करची शाई फासावी आणि कानशीचा एक हलका हात मारून बघावं. शाई पट्टीच्या पूर्ण रुंदीवरून निघाली तर कोन जुळला. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या काठाची निघाली तर गाइडचा कोन बोर्डाच्या कोनाशी जुळत नाही, आणि पुढे घासाल तर कोनच बदलून जाईल. कानस एकाच दिशेने कापते, त्यामुळे मागे-पुढे रगडण्यात अर्थ नाही. एका दिशेने सलग हात, मधूनमधून ब्रशने दातांतला कीस झाडायचा.

दगडावर आपटलेली कड वेगळी हाताळावी लागते. धडकेच्या जागी पोलाद कडक होऊन बसतं. त्यावर कानस नुसती घसरते, आणि जोर केला तर तिचेच दात जातात. तिथे आधी डायमंड स्टोन, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेला घासण्याचा ठोकळा, ओला करून फिरवायचा, कडक झालेला थर काढायचा आणि मग कानस.

कानस मारून झाल्यावर कडेला बारीक, उलटलेली पोलादी चुणी राहते. वर्कशॉपमधली माणसं तिला बर म्हणतात. बोटाला ती धारेसारखीच लागते आणि फसवते. पहिल्या दोन-तीन वळणांत ती गळून पडते किंवा वाकते, आणि काल लावलेली धार आज कुठे गेली असा प्रश्न पडतो. बारीक डायमंड स्टोन आणि गमीचा एक अगदी हलका हात फिरवून बर काढली की जी उरते ती खरी धार. तपासायची तर नखाची पाठ कडेवर आडवी, अलगद ओढा. पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. बोटाचं पेर कडेच्या लांबीने फिरवून मात्र कधीच बघू नका.

नवशिक्याला बोथट बोर्डच बरा, नाही का?

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते चुकीचा आहे. टणक सकाळी बोथट बोर्ड कडेवर उभा राहत नाही. शिकणारा घाबरून मागे रेलतो, बोर्ड आणखी सुटतो, आणि कडेवर विश्वास ठेवायला तो शिकतच नाही. त्याला हवा असतो १ ते २ अंश बेस बेव्हल, टोकांची धार मोडलेली आणि मधली कड नीट तीक्ष्ण. अवेळी अडकणं बेव्हलने कमी होतं, आणि थांबायचं असतं तेव्हा धार मदतीला येते.

चूक झाली तर धार परत लावता येईलच की

गमीने मोडलेली धार परत येते, साइडकडून कानशीचे दोन-चार हात मारले की पुरे. कानशीने खोल गोलावलेली कड परत आणायची तर कोपऱ्यामागचं बरंच पोलाद काढावं लागतं, आणि पोलाद मुळात २ मिलिमीटरच आहे. बेस बेव्हलचं आणखी कठीण. १ चा २ घरी करता येतो. २ चा १ करायचा तर अख्खा तळ यंत्रावर दगडाने घासून पातळ करावा लागतो. तळही काही अमर्याद जाड नसतो. म्हणून बेस बेव्हलला शेवटी हात लावावा आणि रोजची धार साइडकडूनच लावावी.

माझ्या बोर्डाचा आकारच वेगळा आहे

मध्ये टेकलेल्या आणि दोन्ही टोकांनी आधीच वर उचललेल्या, म्हणजे रॉकर प्रकारच्या बोर्डात कॉन्टॅक्ट पॉइंट बर्फापासून सुटलेले असतात. त्यांना धार मोडण्याची गरज कमी. बटेलियनसारखे काही उत्पादक तळाच्या कडाच टोकांकडे वर उचलून देतात, तिथेही तेच. याउलट मध्ये उचललेल्या कॅम्बर बोर्डाचा दाब टोकांवर पडतो, त्यामुळे तिथली धार सगळ्यात जास्त जाणवते. लिब टेकच्या मॅग्ने-ट्रॅक्शनसारख्या नागमोडी कडांना धार लावता येत नाही असं ऐकायला मिळतं, पण गाइड नागमोडी रेषेवर हळू चालवलं तर काम होतं. वेळ मात्र जास्त लागतो.

गंजाचं काय?

एका रात्रीत कडेवर नारिंगी झाक येणं साधं आहे. गमीचा एक हात फिरवला की जाते. बोर्ड ओला पिशवीत बांधून ठेवला तर गंज खोल जातो आणि धार खाऊन टाकतो. म्हणून दिवस संपला की कड पुसावी, आणि हंगाम संपला की वॅक्सचा जाड थर कडेवरही चढवून ठेवावा.

दुकानात दिलं तर?

जरूर द्या, पण 'धार लावून द्या' एवढंच सांगून निघालात तर यंत्रावर बोर्ड नोजपासून टेलपर्यंत एकसारखा तीक्ष्ण होऊन येण्याची शक्यता दाट. आकड्यांत सांगावं: बेस बेव्हल आहे तसाच ठेवा, साइड २ करा, खुणांच्या बाहेरची धार मोडा. रेलवर जाणार असाल तर दोन पायांमधली मोडा म्हणून सांगा, जाणार नसाल तर तिथे हात लावू नका म्हणून. आणि खुणा घरूनच मार्करने करून न्याव्यात.